एका पानाची परीक्षा

लालबाग-परळ हा मुंबई महापालिकेचा जुना एफ वॉर्ड. आज त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आहेत आणि लालबाग एफ दक्षिणमध्ये येतं. १९२० च्या कायद्याने मुंबई शहरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची वाट मोकळी झाली. १९२५ मध्ये त्या सक्तीला सुरुवात झाली ती एफ आणि जी या दोन वॉर्डांत, म्हणजे बव्हंशी गिरणगावात. ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग तर १९११ पासूनच कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवत होती. मूल शाळेत आलं पाहिजे, हा आग्रह या भागाने शंभर वर्षांपूर्वी धरला.

मूल शाळेत आलं, हजेरीपटावर नाव चढलं, पुढच्या वर्गात गेलं. पण ते शिकलं का? हे कळायचं कसं? जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांनी या प्रश्नापायी साठ-पासष्ट वर्षं घालवली आहेत आणि त्यावर अफाट खर्चही झाला आहे. त्याचं एक अत्यंत साधं उत्तर मुंबईच्या वस्त्यांत आणि महापालिकेच्या शाळांत झालेल्या कामातून पुढे आलं. आज ते केनियापासून मेक्सिकोपर्यंत वापरलं जातं. या गोष्टीचा मुंबईकराला अभिमान वाटायला हवा, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही म्हणून हा लेख.

आधी जगाकडे पाहू. १९५८ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात युनेस्कोच्या शिक्षणसंस्थेत काही संशोधक जमले. वेगवेगळ्या देशांच्या शाळापद्धती वेगवेगळ्या. मग एकच प्रश्नपत्रिका सगळीकडे दिली तर कोणती पद्धत काय साधते हे दिसेल, अशी त्यांची कल्पना. त्यातून ‘आयईए’ ही संस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये १२ देशांत गणिताची पहिली चाचणी झाली. स्वीडनचे टॉर्स्टन हुसेन हे या कामातलं मोठं नाव. १९७० च्या सुमाराला याच संस्थेने विज्ञानाची चाचणी घेतली तेव्हा त्यात भारतही होता. पुढे १९९५ पासून दर चार वर्षांनी चौथी आणि आठवीच्या मुलांसाठी ‘टिम्स’ आली, २००० पासून पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ‘पिसा’ आली, आणि कोणता देश कितवा आला याच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकू लागल्या.

क्रमांकांच्या या गर्दीत एक काम वेगळं होतं आणि मला ते फार मोलाचं वाटतं. १९९५ च्या टिम्सबरोबर जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतले आठवीच्या गणिताचे २३१ तास चित्रित करण्यात आले. जेम्स स्टिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतला प्रत्येक तास बारकाईने पाहिला. अमेरिकी वर्गात शिक्षक आधी रीत दाखवत आणि मग मुलं तशीच गणितं सोडवत. जपानी वर्गात बरेचदा उलटं व्हायचं: आधी गणित फळ्यावर, मुलं त्याच्याशी झुंजणार, दोघातिघांच्या रीती फळ्यावर येणार, मग शिक्षक त्या रीतींवरून पुढे नेणार. किती गुण पडले हे सगळेच सांगत होते. वर्गात नेमकं काय घडतं म्हणून तेवढे पडतात, हे इथे पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर डोळ्यांनी पाहता आलं.

भारत पिसाच्या वाटेला गेला तो एकदाच. ‘पिसा २००९ प्लस’ या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं उतरली. निकाल २०११ च्या डिसेंबरात लागला. विकसित देशांची वाचनाची सरासरी ४९३, तमिळनाडूचे गुण ३३७, हिमाचलचे ३१७. ७४ सहभागी देश-प्रदेशांत आपल्या खाली राहिला तो जवळजवळ एकटा किर्गिझस्तान. प्रश्न आपल्या मुलांच्या जगातले नव्हते, असं भारताने म्हटलं आणि पुढच्या फेऱ्यांतून अंग काढून घेतलं. २०२१ च्या फेरीत चंदीगड, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं घेऊन परत उतरायचं ठरलं होतं. करोनामुळे ती फेरी वर्षभर पुढे गेली आणि आपला सहभागही राहून गेला.

त्याआधी २००५ मध्ये जिष्णू दास आणि ट्रिस्टन झायॉन्क या दोन अभ्यासकांनी टिम्सचे जाहीर झालेले प्रश्न घेऊन राजस्थान आणि ओडिशातल्या नववीच्या मुलांची चाचणी केली होती. सरासरी निकाल वाईटच होता. पण त्यांनी सरासरीवर न थांबता दोन्ही टोकं पाहिली. त्यांच्या अंदाजाने अमेरिकेतल्या दर दहा अव्वल मुलांमागे भारतात चार अव्वल मुलं निघतात, आणि अमेरिकेतल्या दर दहा अगदी मागे पडलेल्या मुलांमागे भारतात दोनशे. एकाच देशात दोन देश आहेत हे आपण एरवी बोलतो. इथे ते आकड्यात आलं.

या सगळ्या परीक्षांची एक अडचण आहे. मुलाला प्रश्नपत्रिका वाचता येते असं त्या गृहीत धरतात. ज्याला अक्षरच ओळखू येत नाही, त्याच्यापुढे बारा पानांची पुस्तिका ठेवून काय कळणार? शून्य गुण पडले एवढंच. त्याला ‘क’ ओळखता येतो का, ‘कमळ’ वाचता येतं का, जोडाक्षराला अडतो का, यांतलं काहीही त्या शून्यातून निघत नाही. शिवाय परीक्षा होते शाळेत, त्या दिवशी हजर असलेल्यांची. गैरहजर मूल, शाळा सोडलेलं मूल, कधी नावच न घातलेलं मूल, ही सगळी मोजणीबाहेर राहतात. आणि निकाल येतो वर्ष-दोन वर्षांनी, देशाच्या नावाने. लालबागच्या एखाद्या शाळेत तिसरीच्या वर्गावर उभ्या असलेल्या बाईंना उद्या सकाळी कुणाला काय शिकवायचं, हे त्यातून समजत नाही.

आता मुंबई. माधव चव्हाण हे लाल निशाण पक्षाचे नेते कॉ. यशवंत चव्हाण यांचे चिरंजीव. लाल निशाण हे नाव गिरणगावाला वेगळं सांगायला नको. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातून रसायनशास्त्राची पीएच.डी. करून ते परतले आणि माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत शिकवू लागले. १९८९ पासून साक्षरता मोहिमेच्या निमित्ताने ते मुंबईच्या झोपडपट्ट्यांत फिरत होते. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयातल्या फरीदा लांबे यांची त्यांना साथ मिळाली. युनिसेफ आणि महापालिका यांच्या पुढाकारातून १९९४-९५ मध्ये ‘प्रथम’ ही संस्था आकाराला आली. शहरातलं प्रत्येक मूल शाळेत जावं आणि नीट शिकावं, एवढं एकच उद्दिष्ट.

काळ लक्षात घ्यायला हवा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाला बारा-तेरा वर्षं झाली होती. अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते आणि कितीतरी घरांत नियमित पगार पुन्हा आलाच नाही. चाळीचाळीतून दहावी-बारावी झालेल्या मुली होत्या. त्यांना शिकण्याची हौस होती आणि घराला चार पैशांची गरज होती. ‘प्रथम’ने पहिल्या बालवाड्या काढल्या त्या अशाच मुलींना आणि बायकांना हाताशी धरून. इमारत बांधायची नाही, भाडं भरायचं नाही. कुणाच्या घरातली खोली, देवळाचा सभामंडप, पक्षाच्या कचेरीची जागा, जे मिळेल तिथे वीस पोरं गोळा करायची आणि सुरुवात करायची.

महापालिकेच्या शाळांत आत गेल्यावर दुसरीच गोष्ट दिसू लागली. तिसरी-चौथीत बसलेल्या कितीतरी मुलांना पहिलीचं पुस्तक वाचता येत नव्हतं. शिक्षक अभ्यासक्रम पुढे नेत होते, कारण तो वर्षअखेर संपवणं हे त्यांचं ठरलेलं काम होतं. आणि ही मुलं मागच्या बाकांवर गप्प बसून वर्षं काढत होती. त्यावर ‘प्रथम’ने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘बालसखी’ योजना आणली. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, वर्षाच्या सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. वर्गातल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास बाहेर घेऊन बसायची. रिकामी खोली मिळाली तर खोलीत, नाहीतर मैदानात, नाहीतर जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत. शिकवायचं काय, तर अक्षरओळख, वाचन, अंकओळख, बेरीज-वजाबाकी. मुलं ज्या इयत्तेत बसली आहेत ती बाजूला ठेवायची आणि ती खरोखर जिथे आहेत तिथून धरायचं.

हे काम खरंच उपयोगी पडतं का, हे तपासायला मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेतले अर्थतज्ज्ञ आले: अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो, आणि त्यांच्याबरोबर शॉन कोल व ली लिंडन. अभिजित विनायक बॅनर्जी यांचा जन्म १९६१ मध्ये मुंबईतच झालेला. त्यांच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर. २००१ ते २००३ या काळात मुंबईतल्या ७७ शाळांत आणि गुजरातेत वडोदऱ्यात हा अभ्यास झाला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. औषधाची चाचणी घेताना चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना औषध देतात, तसंच शाळांच्या बाबतीत करायचं ठरलं. पण काही शाळांना बालसखी द्यायची आणि काहींना अजिबात द्यायची नाही, हे मुख्याध्यापकांना पटणं कठीण होतं. म्हणून चिठ्ठीने ठरलं ते एवढंच, की कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार. प्रत्येक शाळेला कुठल्यातरी एका इयत्तेसाठी ती मिळाली, आणि तुलनेला दुसऱ्या शाळांतली तीच इयत्ता होती.

अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही शहरं मिळून पहिल्या वर्षी मुलांचे गुण ०.१४ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण एकमेकांपासून जेवढे पांगलेले असतात त्याचं माप. शाळासुधारणेच्या योजनांत त्याच्या पाव भागाहून अधिक वाढ क्वचित दिसते. खर्च मुलामागे वर्षाला साधारण १०७ रुपये. सर्वांत जास्त फायदा झाला तो अगदी तळाच्या मुलांना, ज्यांच्यासाठी हे केलं होतं त्यांनाच. यातला एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. पंधरा-वीस मुलं बाहेर गेल्यावर वर्गात उरलेल्यांची तुकडी लहान झाली होती आणि तिच्यातली मुलं एकमेकांच्या बरोबरीची होती. तरीही त्यांच्या गुणांत फरक पडला नाही. पटसंख्या कमी केली की शिक्षण आपोआप सुधारतं, या समजाला मुंबईच्या या आकड्यांनी चांगलाच धक्का दिला.

अभ्यासाने कडू गोष्टही लपवली नाही. योजना संपल्यावर वर्षभराने त्याच मुलांची चाचणी घेतली तेव्हा कमावलेल्यातलं बरंचसं ओसरलं होतं, उरलं होतं ०.१ च्या आसपास. वाचायला लागलेल्या मुलाला पुढेही कुणीतरी धरून ठेवावं लागतं. पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी, द्युफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल समितीने गौरव केला तो गरिबीवरच्या प्रायोगिक अभ्यासपद्धतीचा, आणि त्या पद्धतीच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक या शहरातल्या महापालिकेच्या शाळांत झालं होतं.

आता त्या पानाकडे येऊ.

कोणत्या मुलाला कोणत्या गटात बसवायचं हे चटकन ठरवायला ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांना एक साधन लागत होतं. ते असं तयार झालं: एकाच पानावर चार भाग. एका भागात सुटी अक्षरं, दुसऱ्यात सोपे दोन-तीन अक्षरी शब्द, तिसऱ्यात पहिलीच्या तोडीचा चार ओळींचा उतारा, चौथ्यात दुसरीच्या तोडीची आठ-दहा ओळींची छोटी गोष्ट. बस्स. हे पान मुलाच्या हातात देतात, आणि एका वेळी एकच मूल. सुरुवात उताऱ्यापासून करायची. मुलाने तो वाक्य म्हणून वाचला, अडखळला तरी तीनहून जास्त चुका केल्या नाहीत, तर गोष्टीकडे जायचं. जमला नाही तर शब्दांकडे उतरायचं: कुठलेही पाच शब्द, त्यांतले चार बरोबर हवेत. तेही नाही तर अक्षरं, पुन्हा पाचपैकी चार. मूल जिथे टिकतं ती त्याची पातळी. पाच मिनिटांत काम होतं.

गणिताचं पानही तसंच. आधी हातच्याच्या दोन वजाबाक्या. समजा ४१ मधून १३ वजा करायचे आहेत. कितीतरी मुलं उत्तर लिहितात ३२. चारातून एक गेला तीन. एकातून तीन जात नाहीत, म्हणून तीनातून एक काढला, दोन. त्या ‘३२’ मध्ये शिकवणाऱ्याला हवी ती सगळी माहिती आहे. मुलाला वजाबाकी येते, उभी मांडणी येते, अंक येतात. दशकातला एक सुटा करून एककात आणता येतो हे मात्र त्याला कुणी हाताने करून दाखवलेलं नाही. त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि एक सुटी काडी ठेवली, आणि यातल्या तेरा मला दे असं सांगितलं, की ते एक जुडी सोडतं. मोठ्या परीक्षेत या मुलाला शून्य मिळालं असतं.

दोन्ही वजाबाक्या बरोबर आल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचा एक भागाकार. नाही आल्या तर ११ ते ९९ मधल्या संख्या ओळखायच्या, आणि तेही नाही जमलं तर १ ते ९.

या पानाची खरी ताकद बघणाऱ्यांत आहे. ते वापरायला बी.एड. लागत नाही. आईला समजतं, आजीला समजतं, नगरसेवकालाही समजतं. आपलं चौथीतलं पोर चार ओळी वाचू शकत नाही, हे आईने समोर बसून स्वतः पाहिलं की प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्याला काही अर्थ उरत नाही. २००५ च्या सुमाराला उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावकऱ्यांनी स्वतः आपल्या गावाचं प्रगतिपुस्तक या पानावरून तयार केलं. याच पानाच्या आधारे त्याच वर्षी ‘असर’ हे मुलांच्या वाचन-गणिताचं देशव्यापी सर्वेक्षण सुरू झालं. ‘प्रथम’च्या रुक्मिणी बॅनर्जी यांनी पुढे ते अनेक वर्षं सांभाळलं.

असरची पद्धत ठाम आहे. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं, दोन स्वयंसेवक, शनिवार-रविवार. रविवारी मुलं घरी सापडतात. शाळेत जाणारं, न जाणारं, सरकारी, खासगी, सगळी मुलं त्यात येतात, कारण मोजणी घरोघर होते. ५ ते १६ वयाच्या मुलांची चाचणी होते आणि एका मोठ्या फेरीत देशभरातली सहा लाखांच्या आसपास मुलं पाहिली जातात. २०१४ पर्यंत हे दरवर्षी झालं, त्यानंतर वर्षाआड. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. करोनाने पाडलेला खड्डा भरून निघाल्याचं त्यातून दिसलं, आणि चारांतली तीन मुलं अजूनही मागेच आहेत हेही दिसलं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ जाहीर केलं आणि तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावं यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली. प्राथमिक शाळांचं धोरण पायाभूत वाचनाकडे वळवण्यात असरच्या या सततच्या आकड्यांचा मोठा हात आहे, असं माझं मत आहे.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं. अध्ययन स्तर निश्चिती हे शब्द जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात आले. कोणतं मूल अक्षर स्तरावर, कोणतं शब्द स्तरावर, हे आज खेड्यातल्या गुरुजींनाही तोंडपाठ असतं. अर्थात, स्तर नोंदवणं आणि स्तर हलवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गुरुजींनाच सगळ्यांत चांगलं माहीत आहे.

स्तर हलवायची रीत ‘प्रथम’नेच घासूनपुसून तयार केली. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे गटात बसवायचं, रोज एक-दोन तास फक्त वाचन आणि गणित, गोष्टी वाचून दाखवायच्या, खेळ, काड्यांच्या जुड्या, आणि काही दिवसांनी पुन्हा ते पान काढून गट बदलायचे. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये दहा-दहा दिवसांची शिबिरं घेऊन, सगळे मिळून पन्नासेक दिवसांत, उतारा किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण तुलनेच्या शाळांपेक्षा साधारण दुप्पट झालं. बालसखीचीच ही मोठी बहीण.

आणि मग ते पान परदेशी गेलं. पाकिस्तानात असर सुरू झालं. २००९ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडा या तीन देशांत ‘उवेझो’ने घरोघर जाऊन इंग्रजी, किस्वाहिली आणि गणिताच्या अशाच चाचण्या घ्यायला सुरुवात केली. मालीत ‘बेकुंको’, सेनेगलमध्ये ‘जांगांदू’, मेक्सिकोत ‘मिया’. या सगळ्यांनी मिळून ‘पाल’ नावाचं जाळं विणलं, त्याची कचेरी नैरोबीत आहे. २०१९ मध्ये त्यांनी १३ देशांत गणिताची एकच सामायिक चाचणी घेतली. प्रत्येक देशातल्या एका ग्रामीण जिल्ह्यात, तीही घरी जाऊन, एकेका मुलाशी बोलून. हॅम्बर्गमध्ये जमलेल्या मंडळींना अपेक्षित होती तशी ही देशादेशांची तुलनाच आहे. फरक इतकाच की या वेळी मापाची पट्टी गरीब देशांनी स्वतः आखली, आणि जे मूल पुस्तिका वाचू शकत नाही तेही त्यात मोजलं गेलं.

शिकवण्याची रीतही गेली. झांबियाच्या शिक्षण खात्याने २०१६ मध्ये ८० शाळांत ती करून पाहिली आणि नंतर हजारो शाळांत नेली: तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज तासभर, पातळीप्रमाणे. आयव्हरी कोस्टमध्ये कोकोच्या मळ्यांच्या मुलखात ती सुरू झाली, बोट्स्वानात तरुणांनी उचलली. मुंबईत जिन्याजवळ पंधरा पोरं घेऊन बसणारी बालसखी आणि झांबियातल्या खेड्यातली शिक्षिका एकच काम करतात, आणि त्यांच्या हातात भाषा सोडली तर पानही एकच आहे.

या पानाचीही मर्यादा आहे, आणि ती दाखवणाऱ्यांत पुन्हा बॅनर्जी आणि द्युफ्लो आहेत. २०२५ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी वगैरे विकणाऱ्या १,४३६ मुलांकडे संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. ८०० ग्रॅम बटाटे, २० रुपये किलो. १ किलो ४०० ग्रॅम कांदे, १५ रुपये किलो. ही घे दोनशेची नोट. सोळा आणि एकवीस, सदतीस. परत एकशे त्रेसष्ट. बहुतेक मुलांनी कागद-पेन्सिल न घेता बरोबर हिशेब केला. त्याच मुलांपुढे असरचा तीन अंकी भागाकार ठेवला तर जेमतेम तिसरा हिस्सा मुलांना तो आला. उलट शाळेत जाणाऱ्या, बाजाराची सवय नसलेल्या मुलांना कागदावरची गणितं जास्त जमली, पण बाजारातलं गणित त्यांच्यातल्या १ टक्का मुलांनाच सुटलं.

चाळीस वर्षांपूर्वी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच दिसलं होतं. तिथल्या रस्त्यावर नारळ विकणाऱ्या पोराला दहा नारळांची किंमत विचारली, एक ३५ ला. त्याने शून्य लावलं नाही. तीन नारळ १०५, आणखी तीन २१०, अजून चार हवेत, ३१५, मग ३५०. बाजारात त्या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा ३७ टक्के. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी घरोघर छोटे उद्योग चालतात अशा वस्तीतल्या महापालिका शाळेच्या सहावीतल्या मुलांचं बाहेरचं गणित तपासलं. अर्धा-पाव, मोजमाप, मजुरीचा हिशेब यांत ती मुलं तरबेज होती आणि शाळेला त्याचा पत्ता नव्हता.

लालबागच्या मसाला गल्लीत एप्रिल-मे महिन्यात उभं राहून पाहावं. सव्वा किलो ब्याडगी, पाऊण किलो धणे, अदपाव लवंग, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. काट्यावर माल चढायच्या आत आकडा तयार असतो. एके काळी हेच गणित शाळेतही पाठ करून घेत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. ते पाढे पाठ्यपुस्तकांतून गेले, बाजारातून गेले नाहीत. पावकी परत आणा असं मी म्हणत नाही. पण काट्यामागे बसून हिशेब करणाऱ्या मुलाला वर्गात आल्यावर ‘याला गणित येत नाही’ असं म्हणायच्या आधी त्याला बाजारातलं गणित विचारावं, आणि मग फळ्यावरचं गणित त्या हिशेबाशी जोडून द्यावं. त्यासाठी पानावर आणखी एक भाग लागेल, आणि तो आखणं अवघड नाही.

एक उणीव मात्र लालबागच्या माणसाला खटकायला हवी. असर ही ग्रामीण भागाची पाहणी आहे. ज्या शहरातल्या कामातून हे पान आलं, त्या शहराची अशी घरोघर, दर दोन वर्षांनी, सगळ्या मुलांची पाहणी त्यात होत नाही. शासनाच्या परीक्षा शाळेत होतात आणि हजर मुलांच्या होतात. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमधलं मूल, संक्रमण शिबिरातलं मूल, महापालिकेच्या शाळेतलं आणि इंग्रजी माध्यमात घातलेलं मूल, यांतलं कोण मराठीत किंवा इंग्रजीत चार ओळी वाचू शकतं, हे एफ दक्षिण वॉर्डात कुणालाही नेमकं सांगता येणार नाही.

हे काम लालबागला जमण्यासारखं आहे. गणेशोत्सवात इथली मंडळं शेकडो कार्यकर्ते पाळ्या लावून उभे करतात, रांगा सांभाळतात, हिशेब चोख ठेवतात. चाळीतलं कोणतं दार कुणाचं हे त्यांना पाठ असतं. असरमध्ये दोन स्वयंसेवक दोन दिवसांत वीस घरं करतात. तीस मंडळांनी प्रत्येकी दोन कार्यकर्ते दिले, तर एका शनिवार-रविवारी सहाशे घरं होतात, म्हणजे असर एका अख्ख्या जिल्ह्यात करतं तेवढी. घरं चिठ्ठीने निवडायची, ओळखीची नाही. मुलाला आईसमोर बसवायचं, पण आईने मध्ये सांगायचं नाही. आणि ज्याचं वाचन अक्षरांपाशी अडलं, त्याच्या घरी पुढच्या सोमवारी संध्याकाळी कोण बसणार, हे पाहणीला निघण्याआधीच ठरलेलं असावं. मराठी चाचणीची पानं असर केंद्र मोफत देतं, आणि ती कशी घ्यायची याच्या सूचनाही सोबत असतात.